बाबाजींचा शेवटचा साचा

ही घटना खरी आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या, मी कुणाशी वाद घालणार नाही. जिच्या बाबतीत घडली ती नमिता माझी चुलत वहिनी आहे आणि हे सगळं मी तिच्या तोंडून ऐकलंय. सांगताना ती मधेच उठून मोरीत जाऊन ओकून आली, तेही मी पाहिलंय.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा. ह्यात रात्र नाही. मे महिन्यातली भर दुपार आहे, घामाने अंग चिकचिकणारी.

आणि जेवायला बसला असाल तर नंतर वाचा.

पेणजवळचं जोहे गाव. घराघरात गणपतीचे कारखाने. नमिताचे सासरे बाबाजी गोसावी तिथले जुने साचेवाले. आता रबरी साचे आले, पण बाबाजी शेवटपर्यंत प्लास्टरचेच करायचे. त्यांची एक लकब होती. कामाला बसताना हात पुसायचं फडकं नीट घडी घालून उजव्या मांडीवर ठेवायचे. आणि साचा पक्का झाला की बोटाच्या पेरांनी तीनदा वाजवायचे.

टक... टक... टक.

मग म्हणायचे, "बोलला. काढा आता."

ती टकटक झाल्याशिवाय कारखान्यात कुणी साच्याला हात लावायचं नाही.

नमिता त्याच कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. नवरा हर्षद मस्कतला कंपनीत. आई गेली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती. आईला माती दिली ती त्याने मोबाईलवर पाहिली होती, आणि नेमकं खड्ड्याशी रेंज गेली. ते त्याच्या मनातून कधी निघालं नाही.

त्या दिवशी सकाळी बाबाजी चहा पिता पिता कलंडले.

गोसाव्यांत जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच मिठात पुरतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं, नाहीतर मग पाय वळत नाहीत. बाबाजींचे धाकटे भाऊ कान्हूकाका खाडीकडच्या मिठागरावर राबलेले, रीतीभातीला एकदम कडक. त्यांनी आल्या आल्या भावाला पाटावर बसवलं, भिंतीला टेकवलं, हात मांडीवर सुतळीने बांधले. मिठाच्या गोणी अंगणात आणून टाकल्या.

मग हर्षदचा फोन आला.

"मी निघालोय. तिकीट मिळालंय, पण सरळ विमान नाय. मी येईपर्यंत थांबवा. नमिता, मला बाबांचा चेहरा बघायचाय. आईचा नाय दिसला. ह्यांचा तरी दाखव."

"थांबवते," नमिता म्हणाली. "तुम्ही या. चेहरा दाखवते."

शब्द दिला तिने. पुढचं सगळं त्या शब्दापायी झालं.

पेणची विजेवरची शवपेटी दुसऱ्या कुणाच्या घरी गेली होती, म्हणून रोह्याहून मागवली. टेम्पो आला, पेटी उतरवली, वायर लावली... आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पेटी झोपलेल्या माणसाची. बाबाजी बसलेले.

"पाय सोडवून आडवं करू या," कारखान्यातला शिवा म्हणाला.

कान्हूकाका त्याच्याकडे वळले. "बसवलेला माणूस परत आडवा करत नाय. आनि आता करशील तर हाडं मोडतील. मोडतोस काय भावाची माझ्या?"

पेटी आली तशी रोह्याला परत गेली.

मासळीवाल्यांकडून बर्फाच्या लाद्या आणल्या. मूर्ती पाठवायचं एक मोठं लाकडी खोकं होतं, फळ्याफळ्यांचं. ते मागच्या पडवीत ठेवून त्यात बाबाजींना बसवलं आणि बाहेरून चहूबाजूंनी लाद्या रचल्या. पहिली रात्र कशीबशी निघाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली आणि बाबाजी बिघडायला लागले.

मी मवाळ शब्द शोधत नाही, नमितानेही शोधले नव्हते. पोट फुगलं. बेंबीच्या बाजूला हिरवट डाग उठला आणि तो वर छातीकडे सरकायला लागला. नाकातून लालसर पाणी यायचं. ती कापसाने टिपायची, परत यायचं. गाल पुसायला गेली तर गालाची कातडीच ओल्या कागदासारखी कापसाबरोबर सरकली. तिने हात मागे घेतला आणि तशीच बसून राहिली.

वास सुरुवातीला गोडसर होता, पिकून फुटलेल्या फणसाचा. मग त्यात काहीतरी आंबट मिसळलं. अगरबत्त्या लावल्या, कापूर जाळला, तरी दबेना. शेजारणींनी नाकाला पदर लावला, मग एकेक करून त्या घरी गेल्या. आजही नमिताच्या घरात फणस येत नाही.

माश्यांचं तर विचारूच नका.

हर्षदचा मेसेज आला. मधल्या विमानतळावर अडकला होता. उद्या सकाळी पोचतो.

"उद्यापर्यंत चेहरा राहत नाय गो," कान्हूकाका म्हणाले. "आजच पुरू या. पोराला सांगू काय ते."

"काका, मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तू दिलास. सडतोय तो."

काकांनी कमरेपर्यंत मीठ भरू दिलं. बाकीच्या गोणींना हात लावू देईनात, त्या खड्ड्यासाठी. मग शिवाने सुचवलं ते ह्या गावातल्या माणसालाच सुचेल. कारखान्यात जमिनीवर पाणी सांडलं की सुकं प्लास्टर भुरभुरतात, ते क्षणात ओल पिऊन टाकतं.

"वैनी, सुकं प्लास्टर टाकू या की वर. पानी पिऊन घेईल. माशी बसनार नाय, वास दबेल. दादा आला का ब्रशने झाडू."

नमिताला ते पटलं. तिला दुसरं काही सुचतही नव्हतं. तिने बाबाजींचंच हात पुसायचं फडकं धुऊन आणलं, त्यांच्या तोंडावरून कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरलं, आणि प्लास्टरची गोणीमागून गोणी ओतली. छाती गेली. गळा गेला. शेवटी डोकंही गेलं. खोक्यात नुसतं पांढरं उरलं.

वास खरंच कमी झाला. सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला.

जन्मभर प्लास्टरमध्ये हात घालणारी ही माणसं. पण तिघांनाही आठवलं नाही की खोक्याला फटी आहेत आणि बाहेर लाद्या वितळतायत.

दुपारी काका पुढच्या ओसरीवर डुलक्या घेत होते. शिवा खड्ड्याची जागा बघायला टेकडीकडे गेला होता. नमिता खोक्याशी एकटी बसली होती. तिने सहज फळीला हात लावला...

फळी गरम होती.

तिला वाटलं उन्हाने तापली असेल. पण पडवीत ऊन नव्हतं. तिने पांढऱ्यावर हात ठेवला. भुरभुरीत काही नव्हतं. कडक, गुळगुळीत... आणि ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखं ऊन.

मग तिला कळलं. प्लास्टरला पाणी लागलं की ते तापतं आणि घट्ट होतं. खालून बर्फाचं पाणी चढलं होतं, आतून बाबाजींचं. तिने सासऱ्याला गार ठेवायच्या नादात साच्यात भरून उकडायला घातलं होतं. फळ्यांच्या फटीतून पिवळट फेस येत होता. तो तिच्या पायाच्या बोटांना लागला. कोमट होता.

तिने पाय ओढून घेतला आणि काकांना हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात...

टक.

ती थांबली.

टक.

आवाज खोक्यातून येत होता. फळीवरून नाही. त्याच्याही आतून.

टक.

मग काहीच नाही. माश्यासुद्धा गप्प झाल्या होत्या, असं ती म्हणते. पडवीभर एक माशी नव्हती.

काका उठून आले. तिने सांगितलं. त्यांनी कान लावला, बराच वेळ लावला. "प्लास्टर तडकलं असेल," ते म्हणाले. पण मग ते खोक्याजवळ आले नाहीत. अंगणात मिठाच्या गोणीवर बसून राहिले.

सकाळी हर्षद आला. बॅग खांद्यावरच होती. त्याने पांढऱ्या ढेकळाकडे बघितलं, मग नमिताकडे.

"हे काय केलंस?"

 शिवाने फळ्या काढल्या, छिन्नी लावली. हातोडीचे घाव बसले आणि पुढचा भाग अख्खा सुटला, साच्याची एक बाजू सुटते तसा, आणि मांडीवरचं मीठ खाली ढासळलं. आतली वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली. शिवा तिथेच ओकला.

आत जे बसलं होतं त्याला चेहरा नव्हता. डोकं भोपळ्याएवढं फुगलेलं, काळंनिळं, ओठ बाहेर उलटलेले, डोळ्यांच्या जागी नुसती सूज. कातडी लोंबत होती.

हर्षद एकदाच बघू शकला. तो वळला आणि भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. "हे माझे बाबा नायत," एवढंच म्हणाला. नमिताला वाटलं, आता ह्या माणसाकडे आपण पुन्हा कधी मान वर करून बघू शकणार नाही.

तोंड झाकायला तिने ते फडकं शोधलं. तोंडावर नव्हतं.

ते बाबाजींच्या उजव्या मांडीवर होतं...

नीट घडी घातलेलं.

हात सुतळीने बांधलेले होते. गाठ काकांनी मारली होती तशीच.

 शिवाने सुटलेला तुकडा बाजूला करायला उचलला, उलटा झाला, आणि त्याच्या हातातून निसटता निसटता राहिला. तुकड्याच्या आत ठसा उठला होता. फडक्याचा नाही. चेहऱ्याचा. फुगलेल्याचाही नाही. बाबाजींची बारीक हनुवटी, बसलेले गाल, कपाळावरची आडवी आठी. आणि उघडे डोळे.

नमिताने हजारो डोळे आखलेत. बंद पापणी कशी दिसते, उघडी कशी, तिला कुणी शिकवायला नको. ते डोळे उघडे होते.

हर्षद वळला. त्याने तो तुकडा हातात घेतला. आत पिवळं पाणी ओघळत होतं, तरी त्याने छातीशी धरला.

"हेच. हेच माझे बाबा," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. नमिताकडे बघून त्याने मान हलवली. तिचा शब्द खरा झाला होता. तिला आनंद मात्र झाला नाही. तिला फक्त तो तुकडा नवऱ्याच्या छातीपासून दूर हवा होता.

त्याच दिवशी बाबाजींना टेकडीवर मिठात बसवलं. काका म्हणाले, सगळं प्लास्टर खड्ड्यात टाका. सगळं टाकलं. चेहऱ्याचा तुकडा हर्षदने टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला होता, ते घरी आल्यावर कळलं.

तो मस्कतला परत गेला नाही. रोह्याच्या एका कंपनीत लागला, पेणहून गाडीने जाऊन येऊन करतो. शिफ्टवरून आला की आधी कपाट उघडतो.

प्लास्टर दोन-चार उन्हांत सुकतं. हा तुकडा वर्ष होऊन गेलं तरी ओला आहे. उन्हाळा लागला की ठशाच्या ओठांतून लालसर पाणी येतं. हर्षद कापसाने टिपतो, न चुकता. त्याला घाण वाटत नाही. घरात त्या आंबटगोड वासाचा थर बसलाय. पाहुणे पाणी पिऊन उठतात. नमिता भातात वास येतो म्हणून ताट सारते, आणि हर्षद तिच्याच ताटातलं शांतपणे खातो.

"टेकडीवर नेऊन पुरा हो ते," ती कितीदा म्हणाली.

"बघायचे राहून गेले होते, नमिता. अजून पोट नाय भरलं."

गेल्या आठवड्यात ती माहेरी, खांब गावाला गेली होती. परत आली तेव्हा हर्षद शिफ्टला गेला होता. दुपार होती. कपाट उघडं होतं, रिकामं. मागच्या पडवीत, जिथे खोकं होतं तिथेच, तो तुकडा उताणा ठेवला होता. आणि त्यात काठोकाठ प्लास्टर भरलेलं होतं.

ताजं होतं. बाजूला घमेलं, प्लास्टरमध्ये घालायचा काथ्या, ओला ब्रश. आतला चेहरा बाहेर काढायला त्याने साचा भरून ठेवला होता. संध्याकाळी येऊन उघडणार होता.

नमिताने जवळ जाऊन बघितलं. फेस काठावरून खाली ओघळत होता. घमेल्याजवळ ते फडकं ठेवलेलं होतं, घडी घालून. खड्ड्यात तिने ते स्वतःच्या हाताने टाकलं होतं.

ती मागे सरकली. मला तिने तिथूनच फोन लावला होता. ती काही बोलत नव्हती, मला वाटलं रेंज गेली. मी हॅलो हॅलो करत होतो.

मग मला फोनवर ऐकू आलं.

टक... टक... टक.

"बोलला," नमिता म्हणाली. "भाऊजी, आता हे येऊन काढतील."