बिरप्पाची हाळी

'वाघर' बँडची तालीम जुळे सोलापुरातल्या कांद्याच्या रिकाम्या गोदामात चाले. नाव मेंढरं कोंडायच्या जाळीचं, पण बँड चौघांचा, मेटलकोर, म्हणजे कानठळ्या बसवणारी गिटार, ड्रम आणि त्यावर रुपालीचं किंचाळणं. कुणाला तरी कापतायत, या समजुतीनं शेजारी हमखास डोकावून जात. घरच्यांनी नाकं मुरडली, कॉलेजनं स्नेहसंमेलनातून हाकललं. मग पोरांनी एक गाणं इंटरनेटवर टाकलं आणि बघता बघता पाच लाख लोकांनी ऐकलं. ज्या कॉलेजनं हाकललं, त्यानंच आता मैदान दिलं. उगवत्याला नमस्कार, दुसरं काय!

गाण्याचा सगळा जीव एका किंकाळीत होता. ती किंकाळी म्हणजे रुपालीच्या बापाची, बिरप्पाची, मेंढरं वळवायची हाळी. तो आधी दोनदा घसा खाकरायचा, मग लांबलचक हाळी द्यायचा. लेकीला त्यानं ती शिकवली नाही. "पोरीच्या हाळीनं कळप वळत नसतो," म्हणायचा. ती ऐकून ऐकून शिकली.

दोन वर्षांमागं होटगीजवळ दाट धुक्यात साठ मेंढरं आगगाडीखाली गेली आणि त्यांना वाचवायला धावलेला बिरप्पाही गेला. मेंढरं रुळांवर का चढली, हे कुणालाच कळलं नाही. रुपालीला ठाऊक होतं. रुळांच्या पलीकडं उभं राहून, बापाला दाखवून द्यायचं म्हणून, तिनं हाळी दिली होती. कळप वळला होता.

हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

रेकॉर्डिंगमध्ये किंकाळीखाली मेंढरांच्या गळ्यातल्यासारखी घुंगरं वाजत. ड्रम वाजवणाऱ्या पृथ्वीराजनं ती तीनदा पुसली, तीनदा परत आली. पुण्याच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतली पोरं पाय आखडून खाली बघत होती. नंतर एकानं विचारलं, इथं कुत्री सोडली होती का? त्याची पँट गुडघ्याशी ओली होती.

सोलापूरच्या कार्यक्रमादिवशी आई, राजाबाई, दारात आडवी आली.

"रुपे, त्येंची हाळी नगं मारूस. काल मोबाईलवर ऐकलं म्या. घुंगरं आपलीच हायती."

"मग येऊ देत की मेंढरं."

"मेंढरं आली की मागनं मेंढका येतुया, पोरी."

रुपाली म्हणाली, "आबा आला तर येऊ दे. ऐकू दे त्येलाबी."

संध्याकाळी सहाला मैदान खच्चून भरलं. अशा कार्यक्रमात गाण्याच्या मध्यावर गर्दी दुभंगते, मधे वाट पडते आणि गायकानं इशारा केला की दोन्ही बाजू एकमेकींवर धावून जातात. आज इशाऱ्याआधीच वाट पडली. रुपालीनं हाळी दिली.

कुणी धावलं नाही.

घुंगरं सगळ्यांनाच ऐकू आली. वाटेत गुडघाभर धूळ उठली आणि सरकत स्टेजपाशी येऊन थांबली. पोरं खाली बघत होती.

"बास कर, रुपाली!" पृथ्वीराज ओरडला. त्याच्या हातून काठ्या गळाल्या होत्या.

तिनं पुन्हा हाळी दिली.

वाटेच्या पार टोकाची पोरं हळूहळू माना वर करू लागली. नजरा गुडघ्याच्या उंचीवरून छातीपर्यंत, मग माणसाच्या डोक्याच्या उंचीला.

मग त्यांच्या अलीकडची.

मग त्यांच्या अलीकडची.

रुपाली मागं सरली नाही.

"कळप माझ्या हाळीनं वळला हुता, आबा," ती माइकमध्ये म्हणाली आणि माइक समोरच्या रिकाम्या जागेत धरला.

स्पीकरमधून दोनदा घसा खाकरल्याचा आवाज आला.