पट्टीच्या तोंडाशी निळ्या चपला

किल्ली हरवलेली नाही, अनुजा. ही बघ, माझ्या मुठीतच आहे. सकाळपासून आम्ही दोघं स्वतःच्याच दाराबाहेर का बसलोय असं विचारलंस, म्हणून सांगते. तो चहा खाली ठेव आणि बस जरा. फक्त हळू बोल.

यांना लकवा झाला, त्याला परवा सहा महिने पूर्ण होतील. डॉक्टर म्हणाले होते, डाव्या पायात जे परत यायचं ते सहा महिन्यांत येईल, पुढे फार आशा धरू नका. पाय हलायचा, पण ओढत. तळव्याला टाचणी टोचली तरी कळायचं नाही. रोज अनवाणी गोट्यांवरून चालवा म्हणाले. घोडपदेवात गोटे कुठे, तर आपल्या बागेतल्या त्या गोटे बसवलेल्या पट्टीवर. म्हणून रोज पहाटे साडेपाचला यांना धरून मी बागेत.

बागेचं काय सांगू तुला! नावाला वॉकिंग ट्रॅक. चौघी जणी अख्खा रस्ता अडवून सुनांची गाऱ्हाणी सांगत चालतात. एकाच्या खिशात मोबाईल ठणाणा वाजत असतो. कुणी मुद्दाम उलट्या दिशेने येतं आणि वर आपल्याकडेच डोळे वटारून बघतं. समोर लकव्याचा माणूस दिसतोय, जरा बाजूला व्हावं, एवढंही सुचत नाही कुणाला. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं.

त्या पट्टीवर मात्र सगळे शिस्तीत. ती अरुंद, एका बाजूला कठडा, आणि पुढे मेंदीच्या कुंपणामागे वळते, त्यामुळे दुसरं टोक दिसत नाही. गेलेल्या माणसाने त्याच वाटेने परत यायचं. तोंडाशी चपला असल्या की आत कुणीतरी आहे, आपण थांबायचं. हा नियम कुठल्या फळ्यावर लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात.

आणि आम्ही पोचायचो तेव्हा तिथे चपला असायच्याच! निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर, डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. आम्ही आपले बाकावर बसून वाट बघायचो. सव्वासहाला हास्यक्लबवाले येऊन टपकायचे, मी जरा मान वळवायचे, तेवढ्यात चपला नाहीशा. कोण आलं, कोण गेलं, एकदाही दिसलं नाही. मग ती सगळी मंडळी रांगेने पट्टीवर, आणि आम्ही घरी. महिनाभर हेच चाललं होतं. मी अगदी रडकुंडीला आले होते.

काल झाडलोट करणाऱ्या शेवंतीला विचारलं, "कोण गं हा मेला? रोज आमचीच वेळ कशी खातो?"

तिचा झाडू थांबला. "बघितला नाय कधी, ताई. पन त्या चपला हलवू नका."

"का?"

"चपला नाय मिळाल्या, तर... तो घरी कसा जानार?"

रात्रभर तिचं बोलणं डोक्यात होतं. पण आज पहाटे पुन्हा त्या चपला दिसल्या आणि माझा संयमच संपला. दोनच दिवस उरले होते गं. मी त्या दोन बोटांत उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. यांचे पट्टेवाले सँडल काढून त्या जागी ठेवले.

"नको गो," हे म्हणाले. "आत कोणतरी आसा..."

"असू दे. आपणही माणसंच आहोत."

वळण घेतलं आणि ट्रॅकवरचा गलका एकदम बंद झाला. खूप दिवस बंद ठेवलेल्या खोलीत येतो ना, तसा वास. उजाडायला लागलं होतं, पण कुंपणामागे अजून अंधारच होता. मी यांचा हात धरून पुढे, हे मागे. अचानक हे थांबले आणि कठड्याला चिकटून उभे राहिले.

"थांब... तेका जाऊक दी."

"कुणाला?"

समोर कुणी नव्हतं. पण ओल्या पावलांचा चपचप आवाज येत होता. पुढून आला... माझ्या अगदी शेजारून गेला... मागे गेला. यांनी माझा हात आवळला.

"कालिंदी... पायार पाय पडलो माझ्या. डाव्या. गार... दुखला गो! माका दुखला!"

मला भीती वाटायला हवी होती ना? पण खरं सांगते, मला आनंदाने रडू फुटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या पायाला काहीतरी कळलं होतं.

परत तोंडाशी आलो तर यांचे सँडल गायब. डब्यात डोकावले, निळ्या स्लिपर तशाच पडलेल्या. मी चोराच्या नावाने बोटं मोडत निघाले. हे अनवाणीच. चाळीच्या दरवाजापाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी यांना धरलंच नव्हतं. हे माझ्यापुढे चालत होते. सरळ.

आणि इथे आलो, तर हे सँडल. बघ ना, तुझ्या पायाशीच आहेत. अजून सुकले नाहीत. पुढची टोकं दाराकडे केलेली. डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन बघितलीस? ती आमची नाही. आणि कुलूप तर मी लावलं होतं तसंच आहे.

मी किल्ली काढली, तर यांनी मनगट धरलं. "चपला आसत. थांबया."

बागेतला नियम आता माझ्या घराच्या दारात! चार वेळा किल्ली कुलपापर्यंत नेली मी. पण आत... ऐक. कॉटपासून खिडकीपर्यंत, आणि खिडकीपासून कॉटपर्यंत. एक पाऊल पडतं, दुसरं घासत येतं. सहा महिने भिंतीपलीकडून ऐकलीस ना तू ही चाल? ओळखीची आहे ना? यांचीच, कालपर्यंतची.

मघाशी मी यांना म्हटलं, "अहो, हे सँडल नेऊन बागेत ठेवू का? त्या निळ्या डब्यातून काढून ठेवू? जाईल तो."

 यांनी डावा पाय चटकन पोटाशी ओढून घेतला. बघ, अजून दोन्ही हातांनी तसाच धरून बसलेत.