दोन दिवस मुरलेलं अंडं

फेब्रुवारीतली ओली, चिकट बर्फवृष्टी चालू होती. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. जपानमधल्या किताकाता गावातल्या बाजारात, मांसाच्या थंडगार कप्प्यापुढे तोमोए हागा उभी होती आणि डुकराच्या खांद्याचा एकच चांगला तुकडा उरला होता. तिने हात पुढे केला – त्याच क्षणी दुसराही एक हात पुढे आला. लांब बोटं, नखांच्या कडांना पांढरा चुना.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. उंच होता, टोपीवर बर्फाचं पाणी. मग त्याची नजर तिच्या टोपलीत गेली. आलं, अंडी, लांब पातीचे कांदे. "हिरवी पात टाकून देऊ नका हं. मांस उकळताना तीच घालायची. पांढरा भाग वरून, कच्चा."

तोमोएचा हात थबकला.

हे वाक्य तिच्या बाबांचं होतं. शब्द न् शब्द. तोकुजी हागांनी बत्तीस वर्षं स्वतःच्या रामेनच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, दुकानात हजार वेळा म्हटलेलं.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

त्याचे कान लाल झाले. "असंच... ऐकलंय कुठेतरी," म्हणाला आणि मांस न घेताच निघून गेला.

ऐकलंय कुठेतरी. तोमोए घरी पोहोचेपर्यंत ते दोन शब्द तिच्या डोक्यात टोचत राहिले.

टोचायला कारणही होतं. चार वर्षांपूर्वी कात्सुया नावाचा एक हसरा मुलगा बाबांच्या दुकानात कामाला लागला होता. मेहनती, गोड बोलणारा. वर्षभरात तोमोएशी त्याचं लग्न ठरलं. बाबांनी त्याला सूप शिकवलं, मांस बांधायला शिकवलं, सगळं सगळं शिकवलं. आणि एका सोमवारी कात्सुया आला नाही. दोन महिन्यांनी कोरियामा शहरात त्याचं स्वतःचं दुकान उघडलं – तेच सूप, तेच मांस. त्या दिवशी तोमोएने बाबांच्या हाताने लिहिलेले होते नव्हते ते सगळे कागद शेगडीत घातले. "यापुढे या घरात काही लिहून ठेवायचं नाही," ती म्हणाली होती. पुढच्या वर्षी पाय दुखतात म्हणून त्यांनी दुकानच बंद केलं. आता फक्त रविवारी सकाळी ते घरच्या स्वयंपाकघरात रामेन करायचे, दोघांपुरतं.

बाजारातल्या भेटीनंतरच्या रविवारी तोमोएला छपरावरच्या खरडण्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर येऊन पाहते तर बाजारातलाच तो – कमरेला दोर बांधून फावड्याने बर्फ खाली लोटतोय.

"शुन्पेई मोरिया," बाबा दारातूनच म्हणाले. "मातीच्या कोठारांच्या भिंती लिंपतो. थंडीत चुना गोठतो, म्हणून काम नाही. बर्फ काढून देतो बिचारा, पैसे घेत नाही."

"मग काय घेतो?"

"रामेन घेतो." बाबा तिच्याकडे न बघता आत गेले.

ती आत आली तेव्हा शुन्पेई ओट्यापाशी उभा होता आणि मांसाच्या तुकड्याला सुताने बांधत होता. बाबा शेजारी स्टुलावर. ओट्यावर तराजू. आणि तराजूशेजारी... एक वही.

"आलं किती, मालक?" शुन्पेईने विचारलं.

"हे एवढं." बाबांनी अंगठा दाखवला.

शुन्पेईने अंगठ्याएवढं आलं कापलं, वजन केलं, वहीत लिहिलं. बावीस ग्रॅम.

"भिंत लिंपणाऱ्याला ग्रॅमचं काय एवढं?" तिने गोड आवाजात विचारलं.

"चुना, वाळू, गवत... एकाचं जरी प्रमाण चुकलं तरी भिंत तडकते," तो म्हणाला. "सवय आहे हाताला."

"आणि वहीची?"

"तीही आहे."

"दाखवता का जरा?"

त्याने वही मिटून कोटाच्या आतल्या खिशात घातली. "अक्षर फार वाईट आहे माझं, तोमोए-सान."

त्यानंतरच्या दर रविवारी तो आला. तोमोए स्वयंपाकघरातून हलली नाही. नजरेआड म्हणून होऊ द्यायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. पण नजर ठेवायची म्हणजे बघावं लागतं – आणि बघता बघता तिला नको ते दिसायला लागलं. वाळलेले बांबूचे कोंब भिजत घातलेलं पाणी तो रोज संध्याकाळी येऊन बदलून जायचा. पाच दिवस, एकदाही चुकला नाही. ते कोंब तिळाच्या तेलात परतताना तो श्वास रोखून धरायचा. मासा वाटून केलेल्या वडीची, मधे गुलाबी भोवरा असलेली चकती कापताना त्याची जीभ दातांत यायची, शाळेतल्या पोरासारखी.

"काय बघताय?" एकदा त्याने मान वर न करता विचारलं.

"सुरी बघतेय."

"सुरी इकडे आहे. तुम्ही तिकडे बघताय."

"चष्म्याच्या दुकानात काम करते मी. लोकांचे डोळे तपासण्याचा पगार मिळतो मला. कुठे बघायचं ते मला शिकवू नका."

"मग माझे तपासा ना कधी."

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत. हेतू तपासायचाय."

तो हसला नाही. फक्त कान पुन्हा लाल झाले. चोराचे कान असे लाल होतात का... तिला ठरवता येईना. कात्सुयाचे कधीच झाले नव्हते, हेही तिला आठवलं, आणि त्या आठवणीचाच तिला राग आला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने सापळा लावला. बाबा आंघोळीला गेले होते.

"अंडी कशी मुरवायची ते बाबांनी सांगितलं का तुम्हाला?"

"अजून नाही."

"मग लिहून घ्या." तिने आवाज अगदी सरळ ठेवला. "साडेसहा मिनिटं उकळायचं, बर्फाच्या पाण्यात टाकायचं, सोलायचं. हे सगळेच करतात. आमच्याकडची खरी युक्ती पुढे आहे. नुसत्या सोया सॉसमध्ये बुडवायचं. पाण्याचा थेंब नाही, गोड दारू नाही. आणि दोन दिवस."

खरं तर बाबा मांसाच्याच रश्शात तितकंच पाणी घालून अंडी फक्त रात्रभर ठेवायचे. तोमोएचा हिशोब सोपा होता. हा इथे फक्त रामेन खायला येत असेल तर बाबांना विचारेल. कुणाला विकायला लिहीत असेल तर गुपित मिळालं म्हणून गुपचूप लिहून घेईल.

शुन्पेईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "दोन दिवस?"

"दोन दिवस."

त्याने वही काढली आणि लिहिलं.

रविवारी सकाळी तीन वाडगे टेबलावर आले. चपट्या, कुरळ्या शेवयांवर मांसाच्या चार चकत्या, बांबूचे कोंब, पाण्यात टाकून कुरकुरीत केलेला कांदा, गुलाबी भोवरा. आणि दोन भागांत कापलेलं अंडं – जवळजवळ काळं पडलेलं. म्हणजे त्याने बाबांना विचारलंच नव्हतं. तोमोएला आत कुठेतरी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र भलतंच.

तिने अंड्याचा तुकडा तोंडात घातला. समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं तोंड वाकडं झालं. ती बाबांकडे वळली. आता ते चॉपस्टिक्स आपटणार. मीठ चिमूटभर जास्त पडलं म्हणून आख्खं पातेलं ओतून देणारा माणूस तो.

बाबांनी अर्धं अंडं खाल्लं. मग उरलेलं अर्धं. सावकाश चावून गिळलं.

"छान मुरलंय," ते म्हणाले.

शुन्पेई मान खाली घालून तेच खारट अंडं खात होता. त्याने वर पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यातूनच तोमोएला सगळं कळलं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "कधीपासून?"

बाबांनी वाडगा खाली ठेवला. नाटक करायचा त्यांना कंटाळा आला असावा. "शरद ऋतूत ताप आला होता बघ. तेव्हापासून. वास नाही, चव नाही. गरम कळतं, गार कळतं... बस."

"मला सांगितलं नाहीत."

"तुला सांगून काय झालं असतं? मला डॉक्टरांकडे फिरवलं असतंस. ते मी जाऊन आलोय." ते थांबले. "बत्तीस वर्षं मी काही मोजलं नाही, तोमो. सगळं जिभेवर होतं. आता जीभच गेली. हाताला जे आठवतंय तेही जाईल एक दिवस. मग तुझ्यासाठी काय उरणार? आणि या घरात लिहायची तर बंदी."

तोमोए टेबलावरच्या लाकडाच्या रेषा बघत राहिली. बंदी तिनेच घातली होती. कात्सुयाचा राग तिने बाबांच्या अक्षरावर काढला होता, आणि बाबांनी ते मुकाट्याने जळू दिलं होतं.

शुन्पेईने खिशातून वही काढून तिच्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर बाबांचं वाकडंतिकडं अक्षर होतं – तोमोएसाठी. पुढे सगळं त्याचं. मांस, सूत किती वेळा गुंडाळायचं, कोंबांचं पाणी कधी बदलायचं. चव बघायचं काम मालकांनी त्याच्या जिभेवर सोपवलं होतं, दिवसा, ती कामावर असताना. बाजारातलं ते वाक्य तेव्हाच त्याच्या कानावर पडलं होतं.

शेवटच्या पानावर अंडी होती. तिने सांगितलेली सगळी कृती, आणि खाली एक ओळ – "तोमोए-सान खोटं सांगताहेत असं वाटतं. तरी करून बघणार. त्यांनी पहिल्यांदाच आपणहून काही शिकवलंय."

ती रडली, पण हसतही होती, आणि बाबा उठून बाहेर गेले, बर्फ बघायला म्हणे. बर्फ कधीच वितळला होता.

"मला विचारायचं होतंत," ती नाक पुसत म्हणाली.

"मालकांना वचन दिलं होतं."

"आणि ते अंडं का खाल्लंत? थुंकायचं."

"तुम्ही बघत होतात."

तोमोएने वही मिटली. अजून एक शंका उरली होती, सगळ्यात मोठी. "वही तर पूर्ण झाली. छपरावर बर्फ नाही. आता चुन्याचं काम सुरू होणार. कुठे जाणार?"

"त्सुगावाला. एक जुनं कोठार आहे. शरद ऋतूपर्यंत."

"म्हणजे जाणार." तिने वाडगे गोळा करायला सुरुवात केली. "इथे शिकून जायची पद्धतच आहे."

"तोमोए-सान." त्याने तिच्या हातातले वाडगे काढून घेतले, खाली ठेवले. "वही फेब्रुवारीतच पूर्ण झाली होती. अंडी सोडून सगळी. बांबूचं पाणी बदलायला रोज यावं लागत नाही, एका दिवसाआड चाललं असतं. मी... रोज आलो. तुम्ही संशयाने बघायचात ना, तेवढं तरी बघायचात म्हणून." तो अडखळला. "आवडता तुम्ही मला. बाजारात मांस सोडून पळालो तेव्हापासून."

त्याच्या मनगटावरचा चुन्याचा डाग तिने अंगठ्याने पुसून बघितला. निघाला नाही.

"रविवारी पहिल्या गाडीने निघालं तर नाश्त्याला पोहोचता येतं त्सुगावाहून," ती म्हणाली.

"येईन."

"असं सगळेच म्हणतात. येऊन दाखवा. मग बघू."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तोमोएने मांसाच्या चकत्या कापल्या. अंडी आदल्या संध्याकाळी मांसाच्या रश्शात, तितकंच पाणी घालून ठेवली होती. तिने चाखून पाहिली, बाबांनी तिच्या चेहऱ्यावरून चव ओळखली आणि मान डोलावली. वाडगे किती काढायचे यावर ती कपाटापुढे उगाच उभी राहिली. दोन काढले. मग तिसरा काढून ओट्याच्या कडेला ठेवला, जागा अडत होती म्हणून, असं स्वतःला सांगत.

गाडीची वेळ होऊन गेली. दहा मिनिटं झाली. वीस झाली.

"शेवया टाकू?" बाबांनी विचारलं.

"थांबा जरा."

"कशासाठी?"

"पाणी अजून उकळलं नाही," ती म्हणाली. पाणी केव्हाचं खदखदत होतं.

दार वाजलं. शुन्पेई धापा टाकत उभा होता, बाह्यांवर वाळलेला चुना, केसांत गवताची काडी. "त्सुगावातच चुकीच्या फलाटावर उभा होतो," तो म्हणाला. "गाडी सुटता सुटता रूळ ओलांडून पळालो. शेवटच्या डब्यात चढलो, तर गाडीच वाटेत रखडली. मग स्टेशनपासून इथवरही..."

तोमोएने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी सावकाश, जणू अजूनही काही शोधतेय.

"उशीर झाला तुला," ती म्हणाली.

तुला. त्याने ते ऐकलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"आत ये. शेवया टाकतेय."