कंस राहिला

धारूरच्या शाळेत सराव पाठ घ्यायला आलेल्या राजश्रीनं फळ्यावर लिहिलं, 'एका संख्येत पाच मिळवून येणाऱ्या बेरजेची तिप्पट'. पुढं झोकात मांडलं: क्ष + ५ × ३.

मागच्या बाकावरून त्या वर्गाच्या अंगद सरांनी पोरासारखा हात वर केला. "बाई, ती संख्या एक धरली तर?"

"एक आणि पाच सहा, तिप्पट अठरा," ती म्हणाली आणि फळ्याकडं वळली. तिथं तर सोळाच येत होते... तिचे कान तापले. "कंस राहिला!" तिनं पुसून ३(क्ष + ५) लिहिलं.

तास सुटल्यावर तिनं अंगदला व्हरांड्यात गाठलं. "चूक हाय, असं सरळ का न्हाई सांगितलं?"

"तुमाला सापडणारच होती की."

तेवढ्यावर ती भांडण विसरली.

मग पाठ संपला, की कडुनिंबाखाली दोघांचा चहा ठरलेला. एकदा तो म्हणाला, "आपल्यात हाय त्यापेक्षा थोडं जास्त धाडस... हे कसं मांडायचं?"

"थोडं म्हणजे किती?"

"तेच तर कळंना."

"मग तिथं अक्षर घ्या. ठाऊक नसलं, की अक्षरच घ्यायचं असतंय."

तो हसला, उरलेला चहा संपवून उठला. आज बोलेल, उद्या बोलेल, म्हणता म्हणता सराव संपायला आला.

शेवटच्या दिवशी घाटनांदूरहून वडिलांचा फोन आला. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. अंगद शेजारीच उभा होता, कप हातात तसाच.

"आबा, त्यांना नगं म्हणा," राजश्री म्हणाली. "मला एकजण आवडलाय. मास्तर हाय. हितंच उभा हाय... फोन त्याला दे म्हणता?"

तिनं फोन पुढं केला. अंगदनं कप खाली ठेवला, शर्टाला हात पुसले.

"नमस्कार... मी अंगद."

"कोणत्या गावचे?" राजश्रीच्या वडिलांनी, शहादेवरावांनी विचारलं.

"सिरसाळ्याचा. मला बी राजश्री... म्हणजे मीच विचारणार होतो, पण—"

राजश्रीनं त्याची बाही घट्ट धरली होती.

"मग रविवारी तुमीच या," शहादेवराव म्हणाले. "आणि घरच्यांना घेऊन या. असं एकट्यानं येऊ नगा."