अक्षया निधीचं न आलेलं पत्र

"अर्ज भरायचा असेल तर बसा ना. लाजू नका, इथे सगळे आपलेच आहेत."

हे वाक्य मी त्याला म्हणाले. आजही आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

एप्रिलची दुपार होती. कसालच्या बाजारात खताच्या दुकानावरच्या माडीवर आमच्या 'पंचक्रोशी निधी'चं ऑफिस आहे. तो दारात उभा होता. शर्टाची बाही उसवलेली, चपला लाल मातीने माखलेल्या, बोटं काळी पडलेली आणि तळव्यांची सालं निघालेली. मी मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं. मोलमजुरी करत असणार, बिचारा! लगेच आवाजात साखर घातली आणि अर्ज पुढे ओढला.

"नाव?"

"विराज."

"घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि आई."

"कमावतं कोण?"

"तसं बघायला गेलं तर… झाडं."

मी वर पाहिलं. चेहरा गंभीर होता. डोळे मात्र नव्हते.

"गुरंढोरं काही?"

"एक बैल आहे. पण तो माझं ऐकत नाही. मग तो माझा धरायचा की नाही?"

"शिक्षण?" मी जरा जोरातच विचारलं.

"एम.एस्सी. कृषी. दापोलीहून."

माझं पेन थांबलं. "आणि मदत… कशासाठी हवी?"

"मदत नको होती," तो हळूच म्हणाला. "मी द्यायला आलो होतो. पण तुम्ही इतक्या मायेने विचारत होतात, मध्येच तोडवेना."

ओल्या काजूच्या बिया सोलल्या की त्यांच्या चिकाने हात असेच होतात. काजूच्या मुलखात जन्मून मला हे कळू नये! तो काजूची कलमं करायचा, सकाळभर बिया सोलून तसाच आला होता. मी तो अर्धवट अर्ज चुरगाळून ड्रॉवरमध्ये कोंबला आणि पावतीपुस्तक काढलं. मान काही वर होईना.

"कोणत्या निधीत देणार?"

"अक्षया निधी. माझ्या बहिणीच्या नावाचा आहे."

हे ऐकलं आणि ती नवी लाज कुठल्या कुठे पळाली. तिच्या जागी जुनी येऊन बसली. ती सात वर्षं माझ्याच घरात राहत होती.

आमच्या निधीचं काम तसं साधं आहे. मुंबईला गेलेला चाकरमानी, बाजारातला दुकानदार, निवृत्त झालेल्या बाई, ज्याला जे जमेल ते तो देतो. कुणी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने निधी ठेवतं. मूळ रक्कम तशीच राहते आणि तिच्या व्याजातून दर वर्षी इथलीच एखादी नड भागते. कुणाची कॉलेजची फी, कुणाला चाकाची खुर्ची, एखाद्या शाळेचं छप्पर. कुणाला द्यायचं ते इथल्याच गावांतली सात माणसं ठरवतात, कारण कुणाची चूल खरोखर थंड आहे ते त्यांना ठाऊक असतं. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव कळत नाही. घेणाऱ्याने फक्त एक पत्र लिहायचं, बिननावाचं. ते आम्ही पोचवतो.

अक्षयाने बारावीची परीक्षा दिली आणि ती तापाने गेली. तिच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेलं सगळं तिच्या आईने निधीला दिलं. पहिल्या वर्षी त्यातून एका मुलीला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला.

ती मुलगी मी.

माझे बाबा विनाअनुदानित शाळेत मास्तर. गावात मान मोठा, पगार कधीतरी. पंधरा ऑगस्टला भाषण करणाऱ्या माणसाने मुलीच्या फीसाठी हात पसरले, हे कळलं असतं तर? "गौरू, ही गोष्ट या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये," एवढंच ते म्हणाले. वर गावभर पेढे वाटून, मुलीला मी कॉलेजात घातलं असं सांगून आले. पत्राचा कागद समोर आला तेव्हा मला वाटलं, लिहिलं की ते खरं होईल. म्हणून लिहिलं नाही. पुढच्या वर्षी वाटलं, आता कोणत्या तोंडाने लिहू? लाज शिळी झाली की जास्तच आंबते.

निधीच्या प्रमुख सुगंधाताईंना हे माहीत होतं. पदवी मिळाल्यावर त्यांनीच मला ऑफिसात घेतलं. पत्राबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि तेच मला जास्त टोचायचं.

पावती खिशात ठेवताना विराज म्हणाला, "आत्तापर्यंत सहा पत्रं आली. पहिल्या मुलीचं नाही आलं. आई दर वर्षी विचारते. जरा… फाइल बघाल?"

"बघते," मी म्हणाले. फाइल कशाला, आरसा पुरला असता.

मग तो येत राहिला. कधी पावती हरवली म्हणून, कधी सापडली म्हणून.

"पावती सापडली, हे सांगायला आलात? एवढ्या उन्हातून?"

"तुम्ही काळजीत असाल म्हटलं."

एकदा केळीच्या पानात बांधलेले ओले काजूगर त्याने टेबलावर ठेवले.

"हे निधीला का?"

"हे क्लार्कला."

"आम्हाला भेटवस्तू घेता येत नाही. नियम आहे."

"मगे हयसरच खा," तो म्हणाला. "पुरावो ठेवू नको."

ऑफिसातलं मराठी सुटलं आणि त्याबरोबर अहो-जाहोही सुटलं. ते त्याला कळलं तेव्हा तो उगाच खिडकीबाहेरच्या एस.टी.कडे बघत बसला. मी एक काजूगर तोंडात टाकला. सरळच सांगते, मला तो आवडायला लागला होता. आणि जितका आवडत होता तितकी मी आतून आक्रसत होते. तो हसला की वाटायचं, हे हसू मी चोरलंय.

जूनच्या अखेरीला एकदा आम्ही बाजारात एका दुकानाच्या पत्र्याखाली अडकलो होतो. पाऊस आडवा येत होता. त्याने न बोलता मला भिंतीच्या बाजूला घेतलं आणि स्वतः कडेला उभा राहिला.

"अक्षयाक बँकेत जावचा होता," तो म्हणाला. "माका म्हणायची, दादा, तुझो हिशोब मीच बघतलंय, तू नुसती झाडां लाव." मग माझ्याकडे वळून, "तुका कोणी शिकयल्यान गो?"

सांगायची हीच वेळ होती. पाऊस होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि तो एवढ्या जवळ…

"बाबांनी," मी म्हणाले.

"भाग्याची आसस."

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. बाबांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं. आणखी एक खोटं.

जुलैत त्या वर्षीच्या मुलीचं पत्र आलं. सुगंधाताईंनी ते माझ्या हातात दिलं. "कावेरीबाईंना नेऊन दे. तूच जा." चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

विराजची आई ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. "बस गो बायो. मास्तरांचा चेडू मां तू?" मास्तरांची मुलगी म्हणून मी मान डोलावली. त्यांनी हात पुसले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत सहा पत्रं होती, घडीवर घडी. सातवं त्यांनी विराजकडून मोठ्याने वाचून घेतलं, डोळे टिपले आणि डब्यात ठेवलं. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते.

"पहिला काय शेवटपर्यंत येवक नाय," त्या म्हणाल्या.

"काकी, काही मुली… विसरतात लिहायला."

"माका पत्राची हौस नाय गो. माका इतक्याच कळाक होया, ता चेडू बरा आसा मां? माझा गेला. ताय तसाच खंय गेला की काय, असा मनात येता. सात वर्सां येता."

मी कप ओटीवर ठेवला. मला वाटत होतं, माझी लाज ही माझ्यापुरती आहे, झाकून ठेवली की कुणाला त्रास नाही. आणि इथे ही बाई सात वर्षं दुसऱ्या एका मुलीसाठी जिवाला घोर लावून बसली होती. ती मुलगी तिच्यासमोर तिचाच चहा पीत होती.

"येते मी," म्हणून मी उठले आणि पावसातच अंगणात उतरले. पोफळींपर्यंत पोचले तेव्हा डोक्यावर छत्री आली.

"काय झाला गो? आयेन काय म्हटल्यान?"

मी आजवर त्याच्याशी कधी मालवणीत बोलले नव्हते. आमच्या घरात बाबांनी ती बोलू दिली नव्हती. पण त्या वेळी दुसरं काही तोंडात आलं नाही.

"विराज… ता चेडू मीच."

"खंयचा चेडू?"

"पहिला. पत्र लिहूक नाय ता."

त्याने छत्री हलवली नाही. ती माझ्यावर होती, तो पुरता भिजत होता.

"तीन म्हयने," तो म्हणाला. "तीन म्हयने मी तुका विचारतंय फाइल बघलंस काय. आणि तू बघते म्हणतंस."

"लाज वाटत होती."

"घेतलंस म्हणान?"

"आधी घेतल्याची. मग न लिहिल्याची. मग… तू यायचा थांबशील याची."

त्याने छत्रीचा दांडा माझ्या मुठीत दिला. त्याची बोटं गार होती.

"आयेक तूच सांग. मी सांगूचंय नाय." आणि तो कलमांच्या शेडकडे निघून गेला. मागे वळून बघेल असं वाटत होतं. नाही बघितलं.

संध्याकाळी मी बाबांना म्हणाले, "मी ते पत्र लिहिणार आहे. नावासकट."

बाबा पेपरची घडी घालत होते. उलगडली, पुन्हा घातली. कान लाल झाले त्यांचे, माझे होतात तसेच. "माझंही नाव घाल," ते म्हणाले. "अर्जावर सही माझी होती. आणि पेढ्यांचंही लिही."

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेले तेव्हा विराज घरी नव्हता. कावेरीकाकींनी चष्मा शोधला आणि स्वतःच, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. फार काही नव्हतं त्यात. फी कुणी भरली, कोणाला काय खोटं सांगितलं, किती वर्षं गप्प राहिले. शेवटची ओळ होती, 'काकी, ता चेडू बरा आसा.' खाली माझं नाव.

"नाव घालूचा नसता मां?"

"नसतं. मी नियम मोडला."

मी खाली बघत होते. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. फणसाचा चीक लागलेली बोटं होती.

"मगे माझा चेडू बी.कॉम. झाला म्हण," त्या म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. माझं पत्र त्यांनी डब्यात सगळ्यात खाली ठेवलं, पहिल्या जागेवर.

पण विराज आला नाही. अकरा दिवस त्याची पावती हरवली नाही की सापडली नाही. एस.टी. थांबली की मी खिडकीकडे बघायचे आणि स्वतःचाच राग यायचा. तोंड कोणतं आहे तुला वाट बघायला?

बाराव्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. थांबली. खाली गेली. असं तीनदा झालं, मग पुन्हा वर आली.

तो दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, धुतलेल्या चपला, हात घासून घासून लाल केलेले.

"अर्ज होयो होतो," तो म्हणाला.

"कोणाला?"

"माका."

मी ड्रॉवर उघडला. एप्रिलमधला तो चुरगाळलेला कागद अजून तळाशी होता. टाकवला नव्हता मला. तो टेबलावर ठेवून मी हाताने सरळ केला. "हा अर्धा भरलेला आहे."

"मगे पुढचा विचार."

"मदतीचं कारण?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"घरात माणसां दोनच आसत. आये म्हणता, कमी पडतत."

खालच्या दुकानात कुणीतरी खताची गोण आपटली. मी पेन घट्ट धरलं. "असल्या अर्जाला… सात जणांच्या समितीला विचारावं लागतं."

"समितीक नको. एकाच माणसान हो म्हणूक होया."

"राग गेला?"

"अर्धो. आये रोज ता पत्र मोठ्यान वाचता. माका पाठ झाला. आता रागावतलंय कसो? उरलेलो अर्धो रवांदे, पुढे कामाक येतलो."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "मागायला यायची लाज नाही वाटली?"

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, अर्ज करायला आलेली माणसं बसतात तसा, अर्धा आत आणि अर्धा पळायच्या बेतात.

"वाटली तर," तो म्हणाला. "जिन्यावरसून तीनदा परत गेलंय. तेवा कळला, अठराव्या वर्सी तुका किती वाटली असतली."

एवढी वर्षं जे कुणाला सांगता आलं नव्हतं, ते याला तीन फेऱ्यांत कळलं होतं. मी मान वर केली. त्याच्याकडे बघितलं, अगदी नीट, पहिल्यांदाच काही न लपवता.

"लाजू नका," मी म्हणाले, "इथे सगळे आपलेच आहेत."

आणि 'घरात माणसं किती' याच्यापुढचं 'दोन' खोडून मी 'तीन' लिहिलं.