इंजिनाचा उपास

रागिणीनं गोधडी ओढली, तर खालून माणूस उठून बसला.

"माय वं!" तो ओरडला.

ती ओरडली नाही. तिला ओरडता येतच नसे. पण हातातली पान्यांची पिशवी बोटीच्या फळीवर धाडकन पडली, आणि धुक्यात बुडालेल्या तळ्यावरून एक पाणकोंबडी फडफडत उडाली.

"कोन हो तुमी?" त्यानं गोधडीचं टोक छातीशी ओढून घेतलं, लाजल्यासारखं.

"इंजिन पाहायला आली."

"इंजिन हे इकडं हाय. मी अश्विन हाव. बोट चालवतो."

गोधडीचा उरलेला अर्धा भाग खरंच इंजिनावर होता. नीट खोचलेला, लेकराला पांघरूण घालावं तसा.

"एका गोधडीत दोघं?"

"थंडी दोघाइलेबी वाजते ना, बाप्पा! यंदा याचा पंप फुटला तर किशोरभाऊ बोट भंगारात घालतो म्हनून राहिले. मंग म्हनलं, आपली ऊब देऊ याले."

रागिणीला हसू आलं. ते तिनं ओढणीत लपवलं. "ऊब तुमच्या अंगात तयार होते. गोधडी ती फक्त राखते. इंजिनाच्या अंगात एकदा बंद झाल्यावर ऊब तयारच होत नाही. त्याला रजईत घाला नाहीतर शालीत, पहाटेपर्यंत ते थंडगारच."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"माझ्या बाबांनी. रामराव मिस्तरी, दर्यापूरचे."

"आं? ते... थंडीवाले मिस्तरी?"

शब्द तोंडातून गेला आणि अश्विननं जीभ चावली. पण रागिणीनं तो ऐकला होता. खाली वाकून तिनं पिशवी उचलली आणि एकेक पाना फळीवर मांडू लागली, पूजेची उपकरणी मांडावीत तशी. शेवटचा पाना ठेवल्यावर ती त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "हो. तेच. आणि मी त्यांचीच पोरगी."

गोष्ट मागच्या हिवाळ्याची. चिखलदऱ्याच्या डोंगरावर, या तळ्यात किशोरभाऊंची मोटरबोट चालते. तिचं इंजिन तळ्याचंच पाणी ओढून थंड राहतं. मागच्या डिसेंबरात एका सकाळी त्याचा पाण्याचा पंप उभा चिरलेला सापडला. देखभाल रामरावांकडे होती. ते म्हणाले, आतलं पाणी रात्री गोठलं, फुगलं, त्यानं पंप फुटला. किशोरभाऊ अकोल्याचे. अकोल्याच्या माणसानं बर्फ पाहिलेला असतो तो रसवंतीवर. ते पोट धरून हसले. "मिस्तरी, नट तुमी जास्त आवळला, अन् नाव थंडीचं?" बोटीवरची पोरं हसली, ड्रायव्हर हसले, आणि ते हसू घाट उतरून दर्यापूरच्या स्टँडपर्यंत पोचलं. तिथं रामरावांचं नावच पडलं, थंडीवाले मिस्तरी. तेव्हापासून रामराव चहा घरी पितात. चाळीस वर्षं स्टँडवर चहा प्यायलेला माणूस घरात कपबशी घेऊन भिंतीकडे बघत बसतो, हे रागिणीला बघवलं नाही.

किशोरभाऊंनी नंतर दुसरे मिस्तरी पाहिले. पण घाट चढून रोज यायला कोणी तयार होईना. मग रागिणीनंच त्यांना गाठलं. पाना धरता येऊ लागल्यापासून ती बापाच्या हाताखाली शिकलेली. म्हणाली, "थंडी सरेपर्यंत इंजिन माझ्याकडं द्या. पंप फुटला, तर माझा आणि बाबांचा पाना या तळ्यावर पुन्हा लागणार नाही. नाही फुटला, तर तुम्ही दर्यापूरच्या स्टँडवर चार माणसांत बाबांना म्हणायचं... थंडीच होती."

किशोरभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. "पोरगी लय हळू बोलते," ते शेवटी म्हणाले, "अन् लय मोठं बोलते."

अशी ती आली.

तळ्याच्या काठाला अश्विनच्या आईचं, माणिकबाईंचं चहाचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत रागिणीची सोय झाली आणि अश्विनची वळकटी तिकिटाच्या केबिनीत गेली. "माह्या घरातून मलेच काढलं," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, पण सांगताना त्याचा चेहरा काही दुःखी दिसत नसे.

रागिणीचा नेम ठरलेला. शेवटची फेरी संपली, पर्यटक कणसं खात गाड्यांकडे निघाले, की ती इंजिनापाशी बसायची. आधी तळ्याचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक बंद. मग खालची बुचं उघडायची. गाळणीची काचेची वाटी असते, तिच्यातलं पाणी सांडायचं. मग इंजिन क्षणभर फिरवून आत दडलेला शेवटचा घोटही बाहेर काढायचा, वाटी पुसायची, बुचं परत लावायची. सकाळी अश्विन त्या वाटीत तांब्याभर पाणी ओतून इंजिन जागं करी. पाहुणे असोत, पाऊस असो, ताप असो... एक संध्याकाळ चुकली नाही.

"रोज रोज बिचाऱ्याचं पोट रिकामं करता," अश्विन बॅटरीचा उजेड धरून म्हणायचा.

"उपास आहे त्याचा."

"तुमचा गुरुवारचा, अन् त्याचा रोजचा? मंग देव आधी कोनाले पावन?"

"जो कमी बोलतो त्याला."

"म्हनजे माहा नंबर लागतच नाही!"

मार्गशीर्ष लागला. गुरुवारी रागिणीचा महालक्ष्मीचा उपास. त्या दिवशी अश्विन कुठूनतरी भाजलेली रताळी आणी, आणि इथल्याच मळ्यातल्या बियांची कोरी कॉफी, गूळ घालून. पितळी पेला द्यायचा तो दोन्ही हातांनी. घेताना तिची गारठलेली बोटं त्याच्या बोटांना लागायची... आणि दोघंही पेल्याकडेच बघायचे, जणू त्यात काही पडलंय.

"तुमचे हात लय थंडे हायेत," तो एकदा म्हणाला.

"लोखंडात असतात दिवसभर."

"गोधडी देऊ?"

"त्या गोधडीवर इंजिनाचा हक्क आहे."

"इंजिनानं सोडला तो. मी इचारलं त्याले."

ती हसली. मोठ्यानं. आपल्याला मोठ्यानं हसता येतं हे तिला त्या दिवशी कळलं. दुकानातून माणिकबाईंनी मान उंच करून पाहिलं आणि दुधाचं पातेलं उतू गेलं.

तिसऱ्या गुरुवारी थंडी पिसाळली. सूर्य कलला तसे वाऱ्याला जणू दात फुटले. रागिणीनं इंजिनाचा नेम केला, पूजेला बसली, कहाणी वाचली आणि जेवून दुलईत शिरली.

सकाळी उठली तर तळ्याकाठचं गवत पांढरं झालेलं. दहिवर गोठलं होतं. चपलेखाली ते कुरकुरत होतं. ती धावतच बोटीवर गेली... आणि थांबली.

गाळणीची काच तडकली होती. पंपाला बोटभर चीर गेली होती.

अश्विन तिच्या मागोमाग आला होता. त्यानं चिरेवरून बोट फिरवलं.

वाईट गोष्टीला मुहूर्त बरोबर सापडतो. किशोरभाऊ त्याच सकाळी अकोल्याहून पाहुणे घेऊन आले होते. त्यांनी चीर पाहिली, हातातली गाडीची किल्ली फिरवली आणि म्हणाले, "झालं. ठरल्यापरमानं, मिस्तरीनबाई. सामान बांधा."

मागून कोणीतरी खिदळलं, "थंडीवाली पोरगी!"

रागिणी खाली बसली. फुटकी काच बाजूला केली. आत बर्फ होता, वाटीच्याच आकाराचा, लहानसा घुमट. आणि त्याच्या पोटात झेंडूची एक पाकळी. झाकणावर हळदीचं बोट उमटलं होतं. सगळं तिच्या ध्यानात आलं. तिनं वर पाहिलं. अश्विनलाही पाकळी दिसली होती, आणि तो पांढराफटक पडला होता. कारण पूजेचं झेंडूचं ताट काल संध्याकाळी कोणाच्या हातात होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

नाव घेतलं असतं तर ती सुटली असती. तिनं नाव घेतलं नाही. बर्फाचा तो घुमट तिनं ओंजळीत उचलला आणि किशोरभाऊंच्या तळहातावर ठेवला.

"भाऊ, हे काय आहे?"

"काय म्हनजे? बर्फ."

"कुठून निघाला?"

किशोरभाऊ काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा. मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते."

"...इंजिनातून."

"शर्त मी हरली. इंजिन माझं, जबाबदारी माझी. मी जाते. पण बाबा जिंकले. ते तुम्ही आज बोलणार. आत्ता."

"किशोरभाऊ," अश्विन पुढं झाला, "हे गेली तर मीबी नोकरी..."

"नका सोडू," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "मला सोबतीला उपाशी माणूस नको. साक्षीदार पाहिजे. तुम्ही काय पाहिलं तेवढं सांगा."

अश्विननं तिच्याकडे पाहिलं. मग सरळ उभा राहिला. "रोज संध्याकाळी बॅटरी म्या धरली. रोज इंजिन कोरडं व्हायचं. कालबी झालं. ज्या राती कोरडं होतं त्या राती काई नाही फुटलं. काल राती आत पानी होतं, काल फुटलं. अन् ते पानी..."

"म्या भरलं!"

सगळे वळले. माणिकबाई हातात झारा घेऊन उभ्या होत्या, पदर खोचलेला, डोळे भरलेले आणि आवाज मात्र भांडायला निघाल्यासारखा. "काय चुकलं माहं? लक्ष्मीच्या गुरुवारी घरात कोनतं भांडं रिकामं ठेवतो का आपन? राती ती येते, रिकामं भांडं पाहून माघारी फिरते. पोरगी दिवसभर उपाशी, अन् तिचं इंजिनबी उपाशी! मले नाही पाहवलं. हयद-कुकू लावलं, फूल वाह्यलं, अन् पोरगा ओततो तसं तांब्या-तांब्यानं भरलं. मले काय मालूम, पान्याले इतका माज येते म्हनून! मंग शर्त पोरगी कशी हरली, सांग ना किशोर?"

पाहुण्यांपैकी एक बाई हसली. मग तिचा नवरा हसला. पण हे हसू वेगळं होतं. ते रागिणीवरचं नव्हतं.

किशोरभाऊंचा तळहात लाल होऊ लागला होता. "हे खाली ठेवू का?"

"नाही," रागिणी म्हणाली. तिनं फोन लावला होता. "बाबा, स्टँडवर जा. चहाच्या टपरीवर... हो, आत्ताच. गुडघे दुखतात ते ठाऊक आहे मला. हळू जा. आम्ही थांबतो. तिथं गेल्यावर फोन मोठ्यानं ऐकू येईल असा करा."

आणि सगळे थांबले. किशोरभाऊ बर्फ या हातातून त्या हातात घेत होते. पाणी त्यांच्या मनगटावरून घड्याळात ओघळत होतं. पळून जावं तर पाहुणे समोर.

अखेर फोनमधून कपबशांचा, एसटीच्या हॉर्नचा आवाज आला. मागोमाग रामरावांचा, धापा टाकत. "बोल बाई."

रागिणीनं फोन किशोरभाऊंच्या तोंडापुढे धरला.

"रामराव..." ते खाकरले. "माह्या हातात बर्फ हाय. तुमच्या इंजिनातला. मागच्या सालीबी... थंडीच होती. नट नव्हता आवळला तुमी जास्त. चुकलं आमचं."

पलीकडून टपरीवरचं कोणीतरी ओरडलं, "अरे, मिस्तरीले खुर्ची द्या! अन् चहा, फुल!"

मग बशीत चहा ओतल्याचा आवाज आला, आणि नंतर एक लांब फुरका. रागिणीनं डोळे पुसले. तळहाताच्या मागच्या बाजूनं, कारण पुढून ग्रीस होतं.

तिचं जाणं आपोआपच रद्द झालं. नवा पंप अमरावतीहून यायचा होता. तोवर, कडाक्याचे दिवस सरेपर्यंत, मोटरबोट बंद ठेवायचं ठरलं. जुना पंप चिकटपट्टीनं कामापुरता बांधून रागिणीनं इंजिन त्या मुक्कामासाठी तयार केलं. सगळं पाणी काढलं आणि कॅनमधून गुलाबी द्रव आत ओतू लागली.

माणिकबाई वाकून बघत होत्या. "हे सरबत कोनतं?"

"न गोठणारं पाणी आहे, मावशी. थंडीनं फुगत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी परत डब्यात काढायचं, तळ्यात सांडायचं नाही. तुमचं म्हणणं खरं होतं, लक्ष्मीच्या महिन्यात रिकामं ठेवू नये. फक्त भरायचं काय, ते बघून भरायचं."

माणिकबाईंनी इंजिनाला लांबूनच हात जोडले आणि दुकानात गेल्या. अश्विन राहिला. कॅन धरून.

"आता बोट बंद," तो म्हणाला. "म्हनजे संध्याकाळचं पानी काढनं बंद."

"हो."

"बॅटरी धरनं बंद."

"हो."

"मंग मी संध्याकाळी... काय करू?"

"मला काय विचारता?"

"तुमाले नाही तर कोनाले इचारू? म्हनजे... माय म्हनून राहिली होती, की पोरीचं कुठं... म्हनजे मायच म्हनते असं नाही, मले पन..." तो थांबला. कॅन हिंदकळला. दिवसभर बडबडणारा माणूस, कानापर्यंत लाल. "रागिनी, मले तुह्यासंगं राहाचं हाय. बोट चालू असो का बंद."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. तिनं कॅनचं झाकण सावकाश फिरवून बसवलं. मग उठली, फळीवरून काठावर आली आणि तशीच दुकानाकडे चालू लागली.

"अवो, कुठं चालल्या? राग आला का? रागिनी!"

दुकानात किशोरभाऊ होते, पाहुणे होते, जीपचे ड्रायव्हर होते. सकाळी खिदळलेला तोही होता. रागिणी सगळ्यांच्या मधून चुलीपाशी गेली. आमच्याकडे मुलीचा बाप चार माणसं घेऊन स्थळ बघायला जातो. मुलगी बोलत नाही. तिला विचारलं तरी ती पदराचं टोक बघते. रागिणीनं टोक बघितलं नाही.

"मावशी," ती तिच्या त्याच हळू आवाजात म्हणाली, आणि दुकान इतकं चूप झालं की प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू गेला. "मी तुमच्या अश्विनला मागणी घालायला आली. बाबा मागून येतील. त्यांचे गुडघे दुखतात. पण मागते मी."

दारात अश्विन येऊन उभा होता, हातात गुलाबी कॅन.

माणिकबाईंनी झारा कढईत सोडला. पोरीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि डोळ्यातलं पाणी कोपराशी घट्ट झालेल्या बाहीला पुसलं.

"अवं, आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "सुनेच्या हाताले डिझेलचा वास येऊन राहिला."