पेडलवरचा बूट

‘अपघात मानवी हस्तक्षेपामुळे झाला,’ हा कंपनीच्या चौकशी समितीचा निष्कर्ष. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत दुपारच्या पाळीचे कामगार आणायला निघालेली रिकामी प्रायोगिक बस स्वतःच चालत होती, आणि अचूक चालत होती. केवळ देखरेखीसाठी बसवलेले चालक बाबनराव यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून ताबा घेतला; गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या प्रयागबाई जागीच गेल्या. पुरावे दोन: संगणकातली नोंद आणि पेडलवर चालकाच्या बुटाचा धुळीचा ठसा.

“यंत्राची साक्ष यंत्रानेच दिली आणि समितीने ती साक्षांकित केली,” खासगी गुप्तहेर चारुशीला म्हणाली. “विद्वत्ता म्हणतात ती हीच.”

“उद्या बाबाले अटक करून राहिले, मॅडम,” बाबनरावांची मुलगी दामिनी म्हणाली.

“पण नोंद खोटं कशाला बोलेल?” चारुशीलाचे सहायक मधुसूदन पुटपुटले. तीस वर्षे त्यांनी सरकारी कचेरीत नोंदीच केल्या होत्या.

बाबनराव दवाखान्याच्या खुर्चीत बसले होते. बँडेज बांधलेले त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

“पायांना काय झालं, काका?”

“धावलो न बाईकडे. मे महिन्याचं डांबर, फोड आले. काहून विचारता? मेली ते बाई.”

पोलिसांच्या पंचनाम्यात होते: पायरीवर चपलांचा एक जोड, चालकाची सीट पूर्ण मागे सरकवलेली. मधुसूदननी ते मोठ्याने वाचले आणि पान उलटले.

पोलिसांआधी बसपाशी कंपनीचे दोघेच पोहोचले होते. व्यवस्थापक मेघा, जेमतेम चारुशीलाच्या खांद्याएवढी, म्हणाली, “मी खालीच उभी होती.” अभियंता हर्षित कचेरीच्या दारातून वाकून आत आला. “मी बसमध्ये चढलोच नाही.” बूट दोघांच्याही पायांत होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस निरीक्षकासमोर चारुशीलाने सगळ्यांना एकत्र बसवले.

“इथले जुने चालक चपला पायरीवर उतरवून स्टिअरिंगला हात लावतात. गाडी त्यांची लक्ष्मी. समितीतल्या एकानेही आयुष्यात चालकाचे पाय पाहिले नसावेत. तळव्यांना फोड आले ते अनवाणी धावल्याने. मग ठसा बुटाचा कसा?”

“दुसरं कोणी बसलं होतं,” मधुसूदन सावकाश म्हणाले.

“उंच माणूस. सीट इतकी मागे असताना बाबनरावांचा पाय पेडलला पोहोचत नाही. मेघाबाईंचा तर नाहीच. पेडल दाबलं की ताबा माणसाकडे गेल्याची नोंद होते. ती अपघातानंतर करून घेतली आणि तिची वेळ मागे सरकवली. हर्षित, वेळ बदलायची मुभा तुमच्याखेरीज कोणाला आहे?”

हर्षितने मेघाकडे पाहिले. तिने नजर खिडकीबाहेर वळवली.

निरीक्षकाने हर्षितचा जबाब लिहून घेतला तो असा:

“बसनं त्या बाईले माणूस म्हणून ओळखलंच नाही. भाऱ्याखाली तिचं डोकं झाकलं होतं. सीटवर मी बसलो, वेळ मीच बदलली. पण अहवाल मी नाही लिहिला. तो बस रस्त्यावर आणायच्या आधीच तयार होता, तारीख आणि चालकाचं नाव तेवढं रिकामं होतं. बाबनरावांले आम्ही गाडी चालवायसाठी ठेवलंच नव्हतं. त्या रिकाम्या जागेसाठी ठेवलं होतं.”